आमच्या टेबलाचं पथ्य

डबा उघडला की घर उघडं पडतं. कोणाच्या घरी काल भांडण झालं, कोणाची आई गावाहून आलीये, कोणाला सकाळी उठायला उशीर झाला, सगळं त्या स्टीलच्या झाकणाखाली असतं. सांगायचं नाही म्हटलं तरी वास येतोच! अशी पाच माणसं रोज एकाच टेबलावर डबे उघडायला लागली की किस्से कोणाला मुद्दाम जमवावे लागत नाहीत. ते गरम चपात्यांसारखे एकावर एक चढत जातात. एक उचलायला जावं, तर खालच्या दोन चिकटून वर येतात.

आमची कंपनी वागळे इस्टेटमध्ये. आम्ही व्हॉल्व्ह बनवतो. मी क्वालिटीला, राहायला डोंबिवलीत. टेबलावर माझ्यासमोर अकाउंट्सचे कुलकर्णी सर, रिटायरमेंटला आलेले, नौपाड्यातले, बोलणं एकदम शुद्ध. त्यांच्या शेजारी स्टोअरचा दत्तूदादा, कोलशेतचा, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. मग मशीन शॉपचा सुपरवायझर संतोष, कल्याणचा. आणि डिस्पॅचची सुप्रिया, टिटवाळ्याहून येणारी, आमच्यात सगळ्यात लहान, मागच्या वर्षी लग्न झालेली.

खाण्यात आमचं टेबल अख्ख्या कंपनीत फेमस होतं. दत्तूदादाचे तळलेले बोंबील, माझी भजी, मधोमध फरसाणाचा ढीग, आणि शेवटी ओठ चिकटतील इतका गोड चहा. मॅनेजरसुद्धा मुद्दाम आमच्या बाजूने जायचे.

ते सगळं एका दुपारी बंद झालं.

*

संतोष डबा उघडता उघडता थांबला. "वैशालीताई, पंखा जरा फास्ट..." एवढंच म्हणाला, आणि खुर्चीवरून थेट खाली!

डबा उलटा, भात सगळीकडे. सुप्रिया किंचाळली. मी त्याचे गाल थोपटतेय तर गाल तापलेले, ओठ सुकून पांढरे. दत्तूदादाने त्याला पोरासारखा उचलला, कुलकर्णी सरांच्या गाडीत घातला. सर एरवी गाडी इतकी हळू चालवतात की मागचे शिव्या देतात. त्या दिवशी हॉर्नवरचा हात निघाला नाही त्यांचा.

हॉस्पिटलमध्ये नर्सने बोट टोचून शुगर बघितली. मीटरकडे बघत राहिली. मग दुसरं बोट टोचलं. 

रेखा, संतोषची बायको, कल्याणहून धावत आली. हाताला कणीक तशीच. तोवर तो शुद्धीवर आलेला, सलाइन चालू होतं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंय?"

संतोष म्हणाला, "काही नाही."

झालं! रेखाला रडूच फुटलं. "बघा ना डॉक्टर! रोज नाश्ता करून देते, भूक नाही म्हणतात, तसेच निघतात. उपाशी राहून राहून ही वेळ आली!"

आम्हालाही वाईट वाटलं. तेवढ्यात नर्स त्याचा शर्ट घडी करत होती. खिशातून कागदाचा बोळा खाली पडला. डॉक्टरबाईंनी उचलून उघडला. पाकाने चिकट झालेला कागद, आणि आत जिलेबीचा उरलेला एक तुकडा!

 रेखाने डोळे पुसले. नवऱ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली,

"काही नाही म्हणजे पाव किलो, का अर्धा?"

*

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. संतोषला डायबेटिस निघालेला, शुगर भलतीच वर गेलेली. आम्हाला सगळ्यांना बाहेर पॅसेजमध्ये उभं करून सांगितलं, "गोळ्या मी देईन. पण ताटात काय पडतं ते बघायला मी घरी येणार नाही. आणि त्यांना एकट्याला पथ्य देऊ नका. बाकीचे वडा खातायत आणि हा काकडी, असं पथ्य कधीच टिकत नाही. सगळ्यांनी एकच जेवा."

कुलकर्णी सरांनी तिथेच घोषणा केली. "त्याचं दुपारचं जेवण आपल्या टेबलावर होतं. म्हणजे आपणही त्याच्या घरचेच. उद्यापासून फरसाण बंद. चहा बिनसाखरेचा. प्रत्येकाचा अर्धा डबा भाजी, कोशिंबीर, उसळ. पापड-लोणचं नाही."

दत्तूदादाचा चेहरा उतरला. "सर, सुकी मासली?"

"दत्ताराम, तुमचं बीपी किती आहे?"

"मना कय म्हाईत?"

पॅसेजमध्येच बीपीचं मशीन होतं. गंमत म्हणून मोजलं. नर्सने त्याला सोडायच्या आधी दोनदा डॉक्टरांकडे नेलं!

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मीठ. मीठ कमी करा. नाहीतर पुढच्या वेळी हे सगळे तुम्हालाच उचलून आणतील."

 परत येताना वागळे इस्टेटच्या नाक्यावर दत्तूदादा एकदम म्हणाला, "आमचा आजा मिठागरान, बापूस मिठागरान. आन मना सांगतान मीठ नको?"

घरी त्याने बायकोला, पुष्पावहिनीला, काही सांगितलंच नाही. मी फोन करून सांगितलं. पुष्पावहिनी हुशार. भांडली नाही. सुकट तीन-तीन पाण्यातून काढायला लागली, आमटीत मीठ रोज थोडं थोडं कमी करत गेली, आणि वरून कोकम, लसूण, लिंबू वाढवलं. दत्तूदादाला पत्ता नाही. डबा चाटून पुसून खायचा.

पण घरात दत्तूदादाची आई होती. ऐंशीच्या पुढची, एकेकाळी डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहिलेली. तिच्या जिभेला कोण फसवणार?

एके दिवशी तिने जेवता जेवता ताट पुढे ढकललं. "सून, मीठ खं हाय?"

पुष्पावहिनी घाबरली. दत्तूदादा ताडकन उठला. "म्हंजे? माझे घरान मना फसवताव?" आवाज वाढला, पोरं उठून आत गेली, शेजारच्या बायका दारात आल्या. पुष्पावहिनीने रडत रडत खरं काय ते सांगितलं. बीपीचं, डॉक्टरांचं, आमच्या फोनचं, सगळं.

म्हातारी ऐकत होती. सगळ्यांना वाटलं, आता सुनेची खैर नाही. दत्तूदादा तर आईकडेच बघत होता, ती आपल्या बाजूने बोलणार म्हणून.

म्हातारीने ताट परत ओढलं. त्यावर लिंबू पिळलं. आणि मुलाला म्हणाली,

"बस खाली. मीठ आपुन पिकवलं ते इकाला. खावाला नाय!"

*

कुलकर्णी सरांची गोष्ट वेगळी. त्यांना आजार काहीच नव्हता. त्यांना मोबाईल होता.

टेबलाचं पथ्य सुरू झाल्यावर सरांना रोज सकाळी कोणीतरी काहीतरी फॉरवर्ड करायला लागलं. आज जवसाचं पाणी, उद्या कढीलिंबाच्या वीस पानांचा काढा. सर सगळं मनापासून करायचे. वर आम्हालाही सांगायचे, "शास्त्र आहे हे!"

मग आला दुधीचा रस. कच्चा, रिकाम्या पोटी.

काही दिवस बरे गेले. एका सोमवारी सर ऑफिसात आले ते पोट धरूनच. चेहरा पांढराफटक. "काही नाही, जरा मळमळतंय," म्हणाले आणि बेसिनकडे धावले. परत आले, परत धावले. तिसऱ्यांदा आलेच नाहीत. संतोषने दार ढकललं तर सर भिंतीला टेकून खाली बसलेले. उलटीत रक्त होतं.

सुप्रियाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. त्याच गाडीत आता सर मागच्या सीटवर, आणि चालवायला संतोष!

संतोषने दुधीच्या रसाचं सांगताच डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रस कडू होता का?"

सरांनी मान हलवली. "होता. फारच कडू होता. मला वाटलं, कडू आहे म्हणजे औषधी असणार."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, कडू दुधी म्हणजे विष असतं! आधी एक फोड जिभेवर ठेवायची. कडू लागली तर अख्खा दुधी कचऱ्यात. आणि कच्चा रस प्यायला कोणी सांगितलं? भाजी करून खा की!"

दोन दिवस आयसीयूमध्ये काढले सरांनी. बीपी खाली जात होतं, आम्ही आळीपाळीने बाहेर बसत होतो. कुलकर्णी काकू एका जागी बसून जप करायच्या. तिसऱ्या दिवशी सरांना वॉर्डात हलवलं, त्यांनी डोळे उघडले, काकूंना बघून क्षीण हसले.

काकूंचा इतका वेळ धरलेला बांध तेव्हा फुटला.

"लग्न झाल्यापासून माझ्या हातची दुधीची भाजी कडवट लागते म्हणून ताटात बाजूला सारलीत! आणि जो खरोखर कडू होता, तो ग्लासभर पिऊन टाकलात?"

*

आता माझ्या घरचं सांगते, नाहीतर म्हणाल, ही फक्त दुसऱ्यांची सांगते.

संतोष पडला त्याच आठवड्यात मी घरी कायदे केले. तेलाचा डबा आत, बाहेर छोटी बाटली. मैद्याची बिस्किटं बंद. जेवताना फोन नाही. संध्याकाळी भूक लागली तर आधी फळ किंवा फुटाणे. नवरा मिलिंद आणि मुलगा ओंकार, यंदा दहावीला, दोघांनी एका शब्दाने विरोध केला नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता!

एका संध्याकाळी सात वाजता डिलिव्हरीवाल्याचा फोन, ऑर्डरच्या अ‍ॅपमध्ये नंबर माझाच राहिलेला. "मॅडम, ऑर्डर आणलीये. सर बोलले वर नको, पार्किंगमध्ये द्या. सर दिसत नाहीत इकडे."

मी एवढंच म्हटलं, "थांबा तिथेच. येते."

मिलिंद 'दूध आणतो' म्हणून गेलेला. ओंकार 'मित्राकडून नोट्स आणतो' म्हणून. मी लिफ्टसाठीही थांबले नाही. तीन मजले उतरेपर्यंत डोकं नुसतं तापत गेलं. पिशवी घेतली, आणि स्कूटर्सच्या मागे जाऊन बघते तर दोघं बापलेक आमच्याच स्कूटरच्या सीटवर पेपर पसरून बसलेले! टिश्यूसुद्धा घरून आणलेले!

मिलिंद उभा राहिला. "अगं, हे ना, ते वरच्या मजल्यावरच्या..."

ओंकार म्हणाला, "बाबा, सोडा. पकडले गेलोय."

वर आल्यावर जे झालं ते सगळ्या मजल्याने ऐकलं. मिलिंद सहसा चिडत नाही. त्या दिवशी चिडला. "रोज तोंडली, दुधी, पडवळ! चव बघायची नाही, आवड विचारायची नाही! जेवायला बसलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं! तू आम्हाला जेवायला वाढत नाहीस, डोस देतेस!"

मला लागलं ते. सकाळी पाचला उठून मी हे सगळं करते, आणि डोस? मी म्हटलं, "मग तू कर. तेल कमी, भाजी जास्त, आणि चवीचं. करून दाखव!"

"दाखवतो!"

दोन दिवस आम्ही बोललो नाही. ओंकार बिचारा निरोप्या झालेला. रविवारी मिलिंद खरंच उठला. बाजारात जाऊन स्वतः पालक निवडून आणला, मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी वरून दिली. ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, सगळ्या नकाशासारख्या. गाजराची कोशिंबीर केली, दाण्याचं कूट घालून. ओट्यावर हात ठेवायला जागा नव्हती, पण खरं सांगते, पालक सुरेख झालेला!

आणि मग तो ताटासमोर बसला, हाताची घडी घालून. आमच्या तोंडाकडे बघत.

जेवण झाल्यावर ओंकार हळूच माझ्याकडे आला. "आई, प्लीज, तूच कर ना परत. तुझ्या वेळी भाजी थोडी तरी उरवता यायची. बाबा घासाघासाला 'कसं झालंय?' विचारतात. काही सोडताच येत नाही!"

तेव्हापासून आमच्याकडे रविवार मिलिंदचा!

*

संतोषची शुगर उतरत होती. रिपोर्ट चांगले यायला लागले, आणि तो त्यातच फसला.

त्याला वाटलं, कमी खाल्लं की उतरते, तर न खाल्लं की आणखी उतरेल! गोळी सकाळी वेळेवर घ्यायचा, आणि डबा गुपचूप शिफ्टमधल्या कोणाला तरी द्यायचा. आमच्यासमोर म्हणायचा, "आज मशीनजवळच जेवलो, काम होतं."

एक दिवस चारच्या सुमारास मशीन शॉपमधून आरडाओरडा ऐकू आला. मी धावले. संतोष चालू मशीनसमोर उभा, शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरतायत, आणि मशीन बंद करणाऱ्या ऑपरेटरलाच ढकलतोय. "कोण तू? हात लावायचा नाही!" त्याच्यासोबत इतकी वर्षं काम केलेला माणूस, आणि कोण तू?

मी हाक मारली तर माझ्याकडेही अनोळखी माणसासारखं बघितलं. 

दत्तूदादाने मागून धरून त्याला खाली बसवला. सुप्रियाचे वडील शुगरवाले, तिने घरी बघितलेलं. ती ओरडली, "शुगर लो झालीये! साखर आणा, पटकन! शुद्धीत आहे तोवर!"

साखर!

अख्ख्या मजल्यावर साखर नव्हती! पॅन्ट्रीतली बरणी आम्हीच उचलून कुलकर्णी सरांच्या कपाटात ठेवलेली. कपाटाला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात, आणि सर बँकेत! टेबलाच्या ड्रॉवरमधली बिस्किटं आम्हीच फेकलेली. चहाही बिनसाखरेचा! कोणी गेटकडे धावलं, कोणी सरांना फोन लावतंय, तर ते उचलेनात. संतोषची मान एका बाजूला कलायला लागली. सुप्रिया त्याला हाका मारतेय, "संतोषदादा, डोळे उघडे ठेवा, माझ्याकडे बघा..."

दत्तूदादा एक सेकंद थांबला. मग स्टोअरकडे पळाला. परत आला तो हातात वॉशरचा डबा घेऊन.

मी ओरडले, "अरे दादा, वॉशर काय करायचेत आत्ता?"

त्याने डबा उघडला. आत गुळाचे खडे, चिक्की, आणि शेंगदाण्याचे दोन लाडू!

"मना कोनी काय बोलाचं नाय," दत्तूदादा म्हणाला.

सुप्रियाने गूळ पाण्यात कुस्करला, घोट घोट पाजला. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होतो. हळूहळू थरथर कमी झाली. त्याने डोळे वर केले, सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं? मशीन का बंद?"

सुप्रिया तिथेच फरशीवर बसून रडली.

नंतर हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी त्याला असा झापला की बाहेर ऐकू येत होतं. "पथ्य म्हणजे उपास नाही! गोळी घेतली की जेवायचं म्हणजे जेवायचंच!"

दुसऱ्या दिवशी कुलकर्णी सरांनी स्वतः साखरेची बरणी पॅन्ट्रीत परत ठेवली. वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: 'फक्त संतोषच्या जिवाला धोका असल्यास.'

संध्याकाळपर्यंत बरणी अर्धी! आणि संतोष त्या दिवशी रजेवर होता!

*

रेखाने मग घरी एकच गोष्ट केली. बाजारातून फरसाण, बिस्किटं, खारी आणणंच बंद केलं. घरात नसलं की खाल्लं जात नाही, इतका साधा हिशोब. लेकीसाठीही वेगळं काही नाही.

संतोष भडकला. "माझ्याच घरात मला बंदी?"

रेखा म्हणाली, "बंदी कुठे? हवं असेल तर जा, स्टेशनपर्यंत चालत जा, घ्या, खा. रिक्षा नाही करायची."

तो रागाने निघायचा. अर्ध्या वाटेत राग उतरायचा, दुकानाशी पोचेपर्यंत लेकीचं तोंड आठवायचं. पेरू नाहीतर उकडलेल्या शेंगा घेऊन परत. दोन दिवसांनी परत भांडण, परत स्टेशन. कधी कधी वाद इतका पेटायचा की रेखा माहेरी निघायच्या गोष्टी करायची. आम्हाला खरंच काळजी वाटायला लागलेली.

पुढच्या तपासणीला दोघं एकमेकांकडे न बघता डॉक्टरबाईंसमोर बसले.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "चालणं होतं का रोज?"

रेखा फणकारली, "रोज नाही. भांडतो तेव्हाच."

डॉक्टरबाईंनी नवा रिपोर्ट बघितला. जुना बघितला. चष्मा काढला.

"मग बरंच भांडता!"

*

आता सुप्रियाचं सांगते.

तिला दिवस गेलेले. टेबलावर पेढ्यांऐवजी सफरचंदं वाटली तिने! पण महिन्याभरात ती फिकट दिसायला लागली. जिना चढताना मध्ये थांबायची. नखं पांढरी. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन खूप खाली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "जेवता ना नीट?"

"हो."

"कधी जेवता?"

"सगळ्यांचं झालं की."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि तोवर काय उरतं?"

सुप्रियाने हे दुसऱ्या दिवशी टेबलावर सांगितलं. तेव्हा आम्हाला तिचा डबा आठवला. रोज चपात्या भरपूर, आणि भाजीच्या जागी बटाट्याचा रस्सा, कधी नुसता ठेचा. आम्हाला वाटायचं, हिला तिखट आवडतं.

घरात कोणी वाईट नव्हतं हो. सासरे रिटायर्ड, जुन्नरकडचे, तोंडाने कडक. नवरा नीलेश, भला, पण वडिलांसमोर गप्प. धाकटा दीर. तिघं आधी बसायचे. सासूबाई आणि सुप्रिया वाढायच्या. सकाळी डबेही त्याच क्रमाने भरायचे. पालेभाजी केली की ती शिजून एवढीशी होते, वाढता वाढता संपते. मग दोघी ओट्यापाशी उभ्या उभ्याच, कढईला चपाती पुसून. कोणी तसा नियम केला नव्हता. तसंच चालत आलेलं.

मी म्हटलं, "नीलेशशी बोल."

ती म्हणाली, "बोलले. म्हणाला, बाबांना कसं सांगायचं? आई पण तशीच जेवते ना इतकी वर्षं."

त्या रविवारी सुप्रियाने सकाळीच मेथीच्या दोन जुड्यांऐवजी पाच निवडल्या. मटकीची उसळ केली, भाकऱ्या केल्या, टोमॅटो-काकडी चिरली, लिंबं कापली. नेहमी तीन ताटं घ्यायची. त्या दिवशी पाच घेतली. पाचही एकदम वाढली, सारखी. भांडी टेबलाच्या मधोमध आणून ठेवली. आणि स्वतःच्या ताटासमोर बसली.

पुढचं सगळं तिने मला सोमवारी डबा उघडताना सांगितलं. 

सासरे आले. ताटं बघितली. सुनेकडे बघितलं. "हे काय?"

"बाबा, जेवायला बसलोय सगळे."

"आणि वाढणार कोण?"

दीर मोबाईल खाली ठेवून बघायला लागला. नीलेशचा चेहरा उतरलेला. सासूबाई पळी घेऊन ओट्यापाशीच उभ्या, ना पुढे येतायत, ना मागे जातायत.

सुप्रिया म्हणाली, "सगळं समोर आहे, बाबा. ज्याला लागेल त्याने घ्यायचं. डॉक्टर म्हणाले, माझ्या पोटात जाईल तेच बाळाच्या पोटात जाणार. आमच्या दोघांच्या वाटणीला आत्तापर्यंत कढई येत होती."

 सासऱ्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलेला, तो तसाच. सुप्रियाला वाटलं, आता हे ताट उचलून फेकणार, नाहीतर न जेवता निघून जाणार. नीलेश उठला. तिला वाटलं, वडिलांच्या मागे जाणार. तो ओट्याकडे गेला. आईच्या हातातली पळी घेतली आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"आई, बस."

सासूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. सासऱ्यांनी स्वतःची खुर्ची ओढली, बसले, भाकरी मोडली. तेव्हा त्या बसल्या, खुर्चीच्या अगदी कडेवर, कधीही उठावं लागेल अशा.

त्यांनी मेथीचा पहिला घास घेतला, आणि थांबल्या. हात ताटावरच राहिला. डोळे भरून आले.

 नीलेश घाबरून म्हणाला, "काय झालं, आई?"

सासऱ्यांनी घाईघाईने स्वतःच्या ताटातली मेथी चाखून बघितली. "का गं? खारट झालीये?"

सासूबाईंनी मान हलवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "गरम आहे."